भिंतीकडे वळवलेली खुर्ची

ताईंच्या पार्लरमध्ये एक नियम होता. ज्या गिऱ्हाइकांना तो जाच वाटायचा, तीच तो कौतुकाने जगभर सांगत फिरायची. लांब केस पहिल्यांदाच आखूड करायचे असले की ताई तीनदा विचारायच्या, "नक्की?" एकदा केस विंचरताना, गप्पांच्या ओघात. एकदा कात्री हातात घेऊन. आणि तिसऱ्यांदा विचारण्याआधी सोबत आलेली सगळी फौज, मग त्यात आई असो, मावशी असो की नवरा, काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर पिटाळायच्या आणि खुर्ची गर्रकन मागच्या भिंतीकडे वळवायच्या. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. फिका पिवळा रंग, आणि कधीकाळी कॅलेंडर टांगलेला एक खिळा.

"आरशात माणूस स्वतःला बघतं असं वाटतं ना तुम्हाला?" ताई समजावून सांगायच्या. "छे! मागे कोण उभं आहे ते बघतं. त्यांची तोंडं बघून मान हलवतं. भिंतीकडे बघून हो म्हणालीस तर मी कापते. आणि 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालीस, तर कात्री खाली. घरी जा, ठरव, मग ये."

कितीतरी वेण्या या नियमाने वाचवल्या होत्या आणि कितीतरी मुलींना हव्या तशा उडवूनही दिल्या होत्या. चालून आलेलं काम परत गेलं तरी ताईंना त्याचं दुःख नसायचं. उलट त्या दिवशी त्यांची मान जरा जास्तच ताठ असायची.

तर अशा या ताईंची एकुलती एक लेक कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरी आली, आणि ती सुद्धा वर्गात पहिली येऊन. ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लेकीचा झगा-टोपी घातलेला फोटो त्यांनी घरात लावलाच नाही. तो लावला पार्लरमध्ये, मोठ्या आरशाच्या वरच्या कडेला, असा बेताने, की खुर्चीत बसलेल्या बाईने डोळे वर केले की आधी फोटो दिसावा आणि मग स्वतःचं कपाळ. कुणी विचारलं नाही तर ताई कंगवा थांबवून स्वतःच सांगायच्या, "आमची बबडी. कॉम्प्युटरवाली झाली."

एवढी शिकलेली मुलगी, आणि तिचं नाव बबडी! पण तिची तक्रार नव्हती. सुट्टीत ती पार्लरच्या काउंटरवर बसायची, फोन घ्यायची, येणाऱ्यांच्या वेळा लावायची आणि आईची बढाई कानाआड करायची.

आता केस ओले असलेल्या माणसाला सल्ला द्यायला फार आवडतं. डोकं दुसऱ्याच्या हातात असतं, जीभ मोकळी असते. फोटो बघितला की जो तो सुरू व्हायचा. बँकेतल्या बाईंनी सांगितलं, बँकेत कॉम्प्युटर अधिकारी घेतात, परीक्षा दे म्हणावं, एकदा चिकटली की निवृत्तीपर्यंत काळजी नाही. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिकवायचा कोर्स कर, शाळांना कॉम्प्युटरचे शिक्षक मिळत नाहीत आणि मिळतात ते टिकत नाहीत. अर्धे केस जांभळे असलेली एक मुलगी म्हणाली, गेम बनवायला शिक, सगळी मजाच. एका काकूंच्या खात्यात कुणीतरी घुसून त्यांच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना शिव्यांचे निरोप पाठवले होते. त्या तळमळीने म्हणाल्या, सायबर सुरक्षेत जा, पोरी, आणि पहिला तो मेला शोधून काढ. ताईंचा भाऊ कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करायचा. त्याचं तर ठरलेलंच होतं. "एमबीए कर. मशीनशी डोकं लावायला मी आहे, तू माणसांवर साहेब हो!"

संध्याकाळी पार्लर बंद करून वर घरात गेल्यावर ताई हे सगळं लेकीपुढे मांडायच्या, केसांच्या रंगाचं शेडकार्ड उलगडावं तसं. हा बघ, हा बघ, हा तुला शोभेल. लेक जेवता जेवता हसायची आणि म्हणायची, "बघू."

"बघू काय? इतके रस्ते आहेत तुझ्यापुढे. आमच्या वेळी एकच होता, आणि तोही अर्ध्यातच संपला."

ही गोष्ट खरी होती. ताईंना शाळा सोडून कात्री हातात घ्यावी लागली होती. त्यांनी कात्रीचं सोनं केलं, ते वेगळं. पण काचेच्या उंच इमारतीत गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला कार्ड अडकवून शिरणाऱ्या मुली त्या रोज बघायच्या, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या धडावर त्यांना आपल्या लेकीचं डोकं दिसायचं. ते कार्ड त्यांना हवं होतं. मनापासून, अगदी लहान मुलाने खेळणं मागावं तसं हवं होतं.

आणि ते चालून आलं. ताईंच्या जुन्या गिऱ्हाइकांत एका मोठ्या कंपनीत माणसं निवडणाऱ्या बाई होत्या. त्यांना सगळे कंपनीवाल्या बाईच म्हणायचे. दर महिन्याला कपाळावरच्या बटा नीट करायला यायच्या. त्यांनी फोटो बघितला, गुण विचारले, मुलीला मुलाखतीला बोलावलं. ताईंच्या आग्रहाखातर बबडी गेली आणि निवडलीही गेली. तयार झालेलं सॉफ्टवेअर नीट चालतं का ते तपासणाऱ्या टीममध्ये जागा. फक्त तिने होकार कळवायचा होता.

"होकार काय कळवायचा?" ताईंनी कंपनीवाल्या बाईंना तिथल्या तिथे सांगून टाकलं. "झाला म्हणून समजा. माझा शब्द!"

त्याच आठवड्यात लेकीला विद्यापीठातून मास्टर्सला प्रवेश मिळाल्याचं कळलं. थोडक्या जागा होत्या, त्यातली एक तिची. दुसऱ्या वर्षी खालच्या वर्गांना शिकवायचं आणि त्या बदल्यात फी माफ. तिने हे आईला सांगितलं, तेव्हा ताई एका डोक्याला मेंदी रंगाचा थर देत होत्या. त्यांनी ब्रश खाली ठेवला, लेकीला मिठी मारली आणि खुर्चीतल्या बाईला म्हणाल्या, "बघा! तिथेही मिळालं! म्हणजे लायकी सिद्ध झाली की नाही? आता निवांत नोकरी कर."

आईच्या हाताचा रंग बबडीच्या बाहीला लागला होता, तो ती पुसत राहिली.

नोकरीचा होकार आणि विद्यापीठातली जागा, दोन्हींची मुदत एकाच दिवशी संपत होती. त्या दिवशी संध्याकाळी कंपनीवाल्या बाई बटा कापायलाही येणार होत्या आणि पक्कं उत्तर न्यायलाही. ताईंनी सकाळपासून आरसे दोनदा पुसले. बबडी काउंटरवर होती, पण तिचं लक्ष नव्हतं. एका बाईला तिने नखांऐवजी केस धुवायची वेळ देऊन टाकली.

दुपारनंतर एक मुलगी आली. कंबरेच्या खाली वेणी, आणि सोबत तिची आत्या. आत्याचा तोंडाचा पट्टा दारापासूनच सुरू झाला. हिला खांद्यापर्यंत कापा, आजकाल कोण सांभाळतं एवढे, नोकरीच्या ठिकाणी बरं दिसत नाही, मी हिला केव्हाची सांगतेय. मुलगी आरशात आत्याकडे बघून मान डोलवत होती.

"नक्की?" ताईंनी वेणी सोडताना विचारलं.

"हो."

"नक्की?" कात्री हातात घेऊन.

"हो."

"आत्याबाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी? मी कशाला? मीच तर घेऊन आले हिला!"

"म्हणूनच," ताई गोड हसल्या आणि त्यांना दाराबाहेर घालवून आल्या. मग खुर्ची वळवली. मुलगी पिवळ्या भिंतीकडे आणि त्या खिळ्याकडे बघत राहिली. ताई घाई करायच्या नाहीत. नळ ठिबकत होता, तो त्यांनी जाऊन बंद केला, परत आल्या.

"नक्की?"

मुलगी एकदम म्हणाली, "नको. मला आवडतात माझे केस. टोकं तेवढी सारखी करा."

ताईंनी टोकं तेवढी सारखी केली. आत्याबाई आत येऊन कुरकुरल्या, ताईंनी ऐकून घेतलं, दोघी गेल्या. ताईंचा ऊर भरून आला होता. हातावर हात घासत त्या लेकीकडे वळल्या. "बघितलंस? भिंत खोटं बोलू देत नाही. किती वर्षं सांगतेय मी! माणसाला एकदा तरी असं विचारायला हवं गं, मागे कुणी उभं नसताना."

बबडी जमिनीवरचे केस झाडत होती. झाडू थांबला.

"आई, मला कधी बसवशील त्या खुर्चीत?"

"तुला? तुझे केस तर मी जन्मापासून कापतेय."

"हो. पण खुर्ची कधी वळवली नाहीस."

आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. पाणी मागावं इतक्या साधेपणाने तिने ते म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते ताईंना लागलं. खरंच होतं ते. लेकीचे केस कान झाकतील इतके, हा ताईंचा निर्णय. ती बालवाडीत होती तेव्हाचा. सांभाळायला सोपे, चेहऱ्याला शोभतात, झालं. घरच्या डोक्याला काय विचारायचं? जगाला तीनदा विचारणाऱ्या बाईने पोटच्या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. केसांचंही नाही आणि नोकरीचंही नाही.

"बस," त्या म्हणाल्या.

"आत्ता? त्या बाई येतील एवढ्यात."

"येऊ देत. बस म्हणते ना."

बबडी बसली. ताईंनी सवयीने तिच्या अंगावर कापड टाकलं, मानेशी गाठ मारली आणि केसांतून कंगवा फिरवला. आरशाच्या वर फोटोतली लेक, आरशात खरी लेक, आणि तिच्या मागे त्या स्वतः. लेक आरशात फक्त त्यांच्याकडे बघत होती.

"नोकरीला जायचंय ना?" ताईंनी विचारलं. "नक्की?"

"हो."

त्यांनी सवयीने कात्री उचलली. "नक्की?"

"हो म्हटलं ना."

दाराशी चपला वाजल्या. कंपनीवाल्या बाई आत डोकावल्या, हसल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण ताईंनी कात्रीनेच त्यांना बाकाची दिशा दाखवली. इतकी वर्षं येत होत्या, त्यांना खूण कळली. त्या बाहेर जाऊन बसल्या. बाकावर मामा आधीपासून होताच. भाचीच्या साहेबपणाचं नक्की काय झालं, ते बघायला तो दुकान उघडं टाकून आला होता.

ताईंनी खुर्ची वळवली.

"नक्की?"

बबडी भिंतीकडे बघत होती. खिळ्याकडे बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "तू म्हणशील तसं."

ताईंचा हात आपोआप खाली आला आणि कात्री ट्रेमध्ये पडली. हे वाक्य त्यांनी किती तोंडांतून ऐकलं होतं आणि किती जणींना घरी परत पाठवलं होतं! पण हिला कुठे पाठवणार? हिचं घर याच जिन्याने वर होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, आणि मग त्यांना दिसलं की त्यांचे हात कुठे आहेत. नियम काय होता? जे घेऊन आलेत, त्यांनी बाहेर बसायचं. या मुलीला इथवर घेऊन कोण आलं होतं? कंपनीवाल्या बाई नव्हेत आणि मामाही नव्हे.

ताईंनी हात काढून घेतले. काही न बोलता त्या दार उघडून बाहेर गेल्या आणि मामा आणि कंपनीवाल्या बाई यांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसल्या.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"गप्प बस."

"अगं, पण तिला आत एकटीला..."

"गप्प बस म्हटलं ना! नियम आहे."

स्वतःच्याच बाकावर ताई आयुष्यात पहिल्यांदा बसल्या होत्या. बाक टोचतो, हे त्यांना आज कळलं. बिचाऱ्या त्या सगळ्या आया आणि मावश्या! काचेतून खुर्चीची पाठ दिसत होती आणि पाठीच्या वर थोडेसे केस. हलत नव्हते. ताईंना आत जाऊन सांगावंसं वाटत होतं की बाळा, तुला हवं ते कर. पण तेही सांगणंच झालं असतं, म्हणून त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि बसून राहिल्या. ताईंना गप्प बसणं किती जड जातं, हे त्यांच्या भावाला ठाऊक होतं. तो चकित होऊन बघत राहिला.

शेवटी दार उघडलं. बबडी दारात आली, कापड अंगावर तसंच, मानेशी गाठ.

"आई, मला पुढे शिकायचंय."

मामाने श्वास आत घेतला. ताईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"तुला आठवतं, मी आपल्या पार्लरसाठी वेळा लावणारा प्रोग्रॅम केला होता? शनिवारी त्याने एका खुर्चीत दोन बायका बसवल्या होत्या?"

"आठवतं. त्या दोघी अजून बोलत नाहीत एकमेकींशी."

"ती चूक मी काढली. रंग लावलेली बाई बाकावर वाट बघून पुन्हा त्याच खुर्चीत येते, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. पण मग मी खुर्च्या वाढवून बघितल्या, माणसं वाढवली, आणि कॉम्प्युटर विचार करतच बसला. करतच बसला. मला वाटलं, माझंच चुकतंय. सरांना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, दिसायला सोपी आणि सोडवायला महाकठीण अशी कोडी असतात, त्यांतलं हे एक. सगळ्या वेळा सगळ्यांत उत्तम कशा लावायच्या, याची झटपट रीत अजून जगात कुणालाही सापडलेली नाही." बोलता बोलता तिचे डोळे मोठे झाले होते, हात कापडाखालून बाहेर आले होते. "तू नुसत्या अंदाजाने लावतेस आणि चालतं. अंदाज कधी चालतो, कधी फसतो आणि का, ते मला शोधायचंय. तयार सॉफ्टवेअर तपासणं वाईट नाही, आई. चांगली नोकरी आहे. पण मला हे शोधायचंय. कदाचित दोन वर्षं, कदाचित त्याच्याही पुढे."

ताईंना यातलं अर्धं कळलं. पण लेकीचा असा चेहरा त्यांनी पदवीच्या दिवशीही बघितला नव्हता, फोटोतही नव्हता. आणि हे सगळं सुरू झालं होतं त्यांच्या खुर्चीपासून! जगात कुणालाही न सुटलेलं कोडं, आणि ते रोज त्यांच्या पार्लरमध्ये मांडलेलं असतं!

"नक्की?" त्यांनी विचारलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं.

"नक्की."

"मग कळवून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

बबडीने कापडाखालून फोन काढला आणि तिथेच, दारात उभी राहून, विद्यापीठाला होकार कळवला. मामा तोंडातल्या तोंडात "एमबीए" असं काहीतरी पुटपुटला, पण भाचीने त्याच्याकडे बघितल्यावर त्याने टाळी दिली. टाळी देताना त्याचे डोळे ओले होते, हे त्याने नंतर साफ नाकारलं.

राहता राहिल्या कंपनीवाल्या बाई. ताई उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "बाई, तुम्हाला दिलेला शब्द माझा होता. माझ्या मुलीचा नव्हता. द्यायचा हक्कच नव्हता मला. तो मी परत घेते. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा."

बाईंनी एकदा ताईंकडे, एकदा मुलीकडे बघितलं. "मला वरती उत्तर द्यावं लागेल," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "नाव पुढे गेलं होतं." मग पर्स उचलली आणि बटा न कापताच गेल्या. पुढचे काही महिने त्या फिरकल्या नाहीत. मग दुसरीकडे कुणीतरी त्यांच्या बटा डोळ्यांवर एक आणि भुवयांवर एक अशा कापून ठेवल्या, तेव्हा मुकाट्याने परत आल्या, आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न त्यांनी मुलीच्या अभ्यासाचा विचारला. पण ते पुढचं.

त्या संध्याकाळी पार्लरमध्ये मायलेकी दोघीच उरल्या. ताईंनी खुर्ची परत आरशाकडे वळवली. फोटोकडे बघितलं. गळ्यातल्या कार्डाची हौस मनातून एका दिवसात जाणार नव्हती, तिची हुरहूर होती. पण तिच्यावर मात करणारी एक गोष्ट आता छातीत बसली होती, आणि ती अभिमानाशिवाय दुसरी काही नव्हती. उद्या पहिल्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ते त्या मनात जुळवू लागल्या. आमची बबडी जगातलं न सुटलेलं कोडं सोडवते. हे जरा जास्त होईल का? होऊ दे जास्त.

"चल, बस," त्या कात्री पुसत म्हणाल्या. "कापड आहेच अंगावर. विद्यापीठात जायच्या आधी तुझे कानापाशी नीट करून देते, फार वाढलेत."

बबडीने मानेशी हात नेला, कापडाची गाठ सोडली आणि ते घडी घालून आईच्या हातात दिलं.

"नको, आई. वाढवायचेत मला."

ताईंची बोटं कात्रीवर शिवशिवली. नजर त्या कानांवरून पुढे आलेल्या बटांवर गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कात्री त्या डोक्यापासून लांब, वरच्या फळीवर ठेवून दिली.

"नक्की?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत थांबल्या.